बाळंतिणीचा पगार : शंभर वर्षांची वाटचाल

बाळंतिणीला विश्रांती हवी, हे आपल्या समाजाला कोणा कायद्याने शिकविलेले नाही. सव्वा महिना तिने गार पाण्यात हात घालू नये, जड उचलू नये, शेक-शेगडी, धुरी, बाळंतकाढा आणि डिंकाचे, आळिवाचे लाडू यांत काही कमी पडू नये, अशी रीत घरोघर चालत आली आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या चालीमागेही मुलीला चार दिवस आराम मिळावा हाच हेतू असतो. पण या सगळ्या रीतीमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, घरात बाळंतिणीच्या वाटचे काम करणारे आणि तिच्या वाटचे कमावणारे दुसरे कोणी तरी आहे. जिच्या रोजच्या मजुरीवर घरची चूल पेटते, त्या बाईने सव्वा महिना घरी बसायचे ठरविले, तर त्या सव्वा महिन्याचा पैसा कोठून यायचा?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी विषय निवडताना हाच प्रश्न पुढे ठेवावासा वाटला. आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनी बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करतात. बाळंतपणाची भरपगारी रजा त्यांना आता स्वाभाविक वाटते. ती कशी मिळाली, तिचा खर्च कोणी द्यायचा यावर केवढा वाद झाला, आणि तो वाद अजून का मिटलेला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. विशेष म्हणजे या कहाणीचा आरंभ आपल्या मुंबईतच झालेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतरचे गिरणगाव डोळ्यांपुढे आणा. कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे परळ, लालबाग, वरळी या भागांतील चाळींत दाटीवाटीने राहत होती. त्या काळी मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक-पंचमांश बायका होत्या. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्या बहुतेक असत, आणि त्यांच्यावर नायकिणीची देखरेख असे. कामावर घेणे, काढणे हे पुष्कळसे या नायकिणीच्या मर्जीवर चाले. दिवस भरत आले की बाईने काम सोडायचे, बहुधा गावी जायचे, आणि परत आल्यावर पुन्हा नायकिणीच्या हातापाया पडायचे, असा प्रकार होता. रजा हा शब्दच तेथे नव्हता. म्हणून कित्येकजणी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात उभ्या राहत.

१९२० नंतर मुंबई सरकारने या स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यास डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला गेला. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील सुमारे १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे राहत असलेली आढळली. जमिनीवर सहा चुली वेगवेगळ्या मांडलेल्या होत्या. लहानमोठी मिळून ३० माणसे त्या खोलीत राहत होती, आणि तेथल्या सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. आई गिरणीत गेली म्हणजे तान्ह्या मुलाने रडू नये यासाठी त्याला अफूची गोळी चाटविण्याची चालही त्यांनी सर्रास पाहिली. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या बालमृत्यूंचे प्रमाण हजारी साडेसहाशेच्या वर होते. पुष्कळ बाळंतपणे गावी होत, त्यामुळे जन्माची नोंद शहरात होत नसे आणि मृत्यूची मात्र होई. आकडा त्यामुळे फुगलेला दिसतो, हे खरे. पण तो निम्मा धरला तरी अंगावर काटा यावा असाच आहे.

काही मालकांनी आपण होऊन कामगारांच्या सोयी केल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. जमशेटजी टाटा यांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये एकोणिसाव्या शतकातच पेन्शन फंड व अपघाताच्या भरपाईची योजना सुरू झाली होती. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१५ पासून मोफत औषधोपचार व १९२८ पासून प्रसूतीचा लाभ मिळू लागला. परंतु मालकाच्या भलेपणावर जे मिळते ते हक्काने मागता येत नाही. शिवाय शेजारच्या गिरणीतल्या बाईला त्याचा काय उपयोग?

हक्काची भाषा प्रथम बाहेरून आली. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेची पहिली बैठक भरली. प्रसूतीच्या आधी सहा व नंतर सहा आठवडे स्त्रीला विश्रांती आणि त्या काळात निर्वाहाची रक्कम मिळावी, असा करार तेथे झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्या परिषदेला आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. मुंबईच्या चाळींत सोशल सर्व्हिस लीगचे काम करणाऱ्या या सत्पुरुषाने १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. पुढल्याच वर्षी ते फेटाळले गेले.

मग हा प्रश्न मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला. १९२८ साली रा. सी. आसवले यांनी तेथे विधेयक मांडले. ते वर्ष मोठे धामधुमीचे होते. एप्रिलपासून गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू होता आणि तो सहा महिने चालला. अशा वातावरणात जुलै महिन्यात या विधेयकावर चर्चा झाली. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जी भूमिका मांडली, ती आजही मुळातून वाचावी अशी आहे. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला त्यातून मोकळे सोडता येणार नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो तो त्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच. तेव्हा फायद्याबरोबर थोडा भार त्याने सोसला तर त्यात अन्याय नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१९२९ साली हा मुंबईचा कायदा झाला. भारतातील प्रसूतिलाभाचा हा पहिला कायदा होय. ठरावीक महिने काम केलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे दिवसाला आठ आणे मालकाने द्यावेत, असे त्यात ठरले. आठ आणे ऐकून आज हसू येईल. पण बाळंत होऊन घरी पडलेल्या बाईच्या हातात पैसे येतात, ही गोष्टच त्या काळी नवलाची होती. पुढल्या वर्षी मध्यप्रांताने आणि मग मद्रास, संयुक्त प्रांत व बंगाल यांनी असेच कायदे केले.

हेतू उत्तम होता यात शंका नाही. परंतु या कायद्याच्या रचनेतच एक दोष होता, आणि तो लवकरच दिसू लागला. पैसे द्यायचे होते ते त्या बाईच्या मालकाने, एकट्याने, आपल्या गल्ल्यातून. ज्या गिरणीत बायका जास्त तिला खर्च जास्त, ज्या गिरणीत बायका नाहीत तिला खर्च काहीच नाही. मग व्यवहारी मालक काय करणार? पोट दिसू लागताच बाईला काढून टाकावे, लाभाचे महिने भरण्याआधी तिची नोकरी मोडावी, किंवा मुळात विधवा, वयस्क, नाही तर अविवाहित बायकाच घ्याव्यात, असे प्रकार होऊ लागले. १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीच्या पाहणीतही कायदा चुकविण्याच्या या खटपटी आढळल्या. मुंबईच्या गिरण्यांतून बायकांचे प्रमाण पुढील दशकांत उतरतच गेले. त्याला इतर कारणेही होती. नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या वाढल्या आणि रात्री बायकांना कामावर ठेवण्यास कायद्याची मनाई होती. पण बाळंतपणाचा खर्च हे एक निमित्त मालकांच्या हाती होते, हे नाकारता येत नाही. जो कायदा बाईच्या रक्षणासाठी झाला, तोच तिला महाग ठरवू लागला.

यावरचा तोडगा निघाला तो विम्याच्या रूपाने. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. त्या वेळी मध्यवर्ती सरकारात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडेच होते. आडारकरांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये आला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या स्टॅक व राव या दोघा तज्ज्ञांनी तो तपासला, आणि प्रसूतिलाभ व अपघाताची भरपाई या गोष्टीही याच विम्यात घ्याव्यात असे सुचविले. यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला. ईएसआय म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हाच.

ईएसआयची कल्पना आपल्या भिशीसारखी सोपी आहे. सर्व कामगारांनी पगारातून थोडी वर्गणी द्यायची, मालकांनी पगाराच्या प्रमाणात त्याहून जास्त द्यायची, सगळा पैसा एका निधीत जमा व्हायचा, आणि ज्याला आजार, अपघात किंवा बाळंतपण येईल त्याला त्यातून मिळायचे. मालकाची वर्गणी पुरुष कामगारासाठी जेवढी तेवढीच स्त्री कामगारासाठी. म्हणजे बाईला नोकरीवर ठेवले म्हणून त्याचा एक पैसाही जास्त जात नाही. बाळंतपणाचा खर्च एका गिरणीच्या गल्ल्यातून निघून साऱ्या कामगारजगताच्या खांद्यावर गेला. १९२८ साली सांगितलेल्या तत्त्वाचा, म्हणजे हा भार सर्वांचा आहे या म्हणण्याचा, बराचसा भाग येथे साधला गेला.

ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तेथेही एक वाद झालाच. योजना प्रथम एक-दोन शहरांतच सुरू व्हायची होती, मग तेवढ्याच शहरांतील मालकांनी वर्गणी का भरावी, इतरांशी स्पर्धेत त्यांनी का मागे पडावे, असे म्हणणे निघाले. तेव्हा १९५१ साली कायदा बदलून साऱ्या देशातील मालकांवर थोडी वर्गणी बसविण्यात आली, आणि जेथे योजना लागू झाली तेथे ती थोडी जास्त ठेवली. १९५४ साली योजना नागपूर व मुंबई येथे आली. मुंबईत पॅनेलवरील खाजगी डॉक्टरांकडून औषधपाण्याची व्यवस्था झाली. पुढे परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आणि उपनगरांत कामगारांची इतर रुग्णालये उभी राहिली. तेथील गर्दी, औषधांचा तुटवडा, कागदपत्रांच्या फेऱ्या यांविषयीच्या तक्रारी अनेकींच्या परिचयाच्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. तरी तेथे जाणारी बाई मालकाच्या उपकाराने जात नव्हती, तर स्वतः भरलेल्या वर्गणीच्या जोरावर जात होती, हा फरक लहान नव्हे.

ईएसआय मात्र सर्वांना नव्हती. तिला पगाराची मर्यादा होती. १९४८ साली ती महिना ४०० रुपये होती, आणि वेळोवेळी वाढत २०१७ साली ती २१,००० रुपये झाली. त्या मर्यादेवरच्या आणि योजना न पोचलेल्या ठिकाणच्या स्त्रियांसाठी १९६१ साली अखिल भारताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. त्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, त्या रजेत कामावरून काढण्यास बंदी घातली, आणि कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा त्याला पाजण्यासाठी सुटी दिली. आधी वर्षात १६० दिवस काम केल्याची अट होती, ती १९८८ साली ८० दिवसांवर आणली गेली. परंतु खर्च पुन्हा एकट्या मालकावरच ठेवला. १९२९ चा दोष १९६१ मध्ये तसाच राहिला.

त्याचे परिणाम न्यायालयांच्या निकालांत दिसतात. मुंबईच्या एका औषध कंपनीत एका खात्यातील मुलींनी लग्न होताच नोकरी सोडावी असा नियम होता. लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे. कामगार संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९६५ साली तो नियम रद्द झाला. फरक काय तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी बदलीच्या दोन-चार बायका जास्त ठेवल्या की काम भागते, असे न्यायालयाने सुनावले. १९७७ सालचा एक निकाल तर आपल्यासारख्या हिशेबी गृहिणींनी ध्यानात ठेवावा असा आहे. दक्षिणेतील एका मळ्यात काम करणाऱ्या बाईला मालकाने १२ आठवड्यांचा लाभ देताना रविवार वगळले, कारण रविवारी तिला मजुरी नसे. आठवडा सात दिवसांचाच असतो आणि बाळंतिणीची भूक रविवारी सुटी घेत नाही, अशा न्यायाने सर्वोच्च न्यायालयाने सर्व दिवसांचे पैसे देण्यास लावले. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या प्रकरणात पहिल्या गरोदरपणी नोकरी संपविणारा नियम रद्द झाला. ८ मार्च २००० रोजी दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारी बायकांच्या बाजूने निकाल लागला, आणि हजेरीपटावरील मजूर स्त्रीही कायम नोकरीतील स्त्रीइतकीच या लाभाची हक्कदार ठरली. हे सारे निकाल बायकांनी व त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे भांडून मिळविलेले आहेत.

याच काळात गिरणगावावर मोठे संकट आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. नोकरी गेली तसा विमा गेला, दवाखानाही गेला. नोकरीला बांधलेला आधार नोकरी असेपर्यंतच असतो, हे मुंबईतील हजारो घरांनी तेव्हा सोसले.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक माणसे काम करतात तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. ईएसआयमध्येही त्याच वर्षी २६ आठवडे मिळू लागले. आईच्या व बाळाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण ईएसआयबाहेरच्या बाईचा सहा महिन्यांचा पगार पुन्हा एकट्या मालकाने द्यायचा आहे. दहा-पंधरा माणसांच्या लहान कचेरीला हा खर्च जड जातो, आणि मुलाखतीला आलेल्या तरुण मुलीला ‘लग्न ठरले आहे का?’ असे सहज विचारल्यासारखे विचारले जाते. २६ पैकी सात आठवड्यांचा पगार सरकारने मालकाला परत द्यावा, असा प्रस्ताव २०१८ साली केंद्रीय श्रम मंत्रालयाने मांडला होता. तो कायद्यात उतरला नाही. २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा, १९४८ चा विम्याचा व १९६१ चा प्रसूतिलाभाचा असे नऊ जुने कायदे तिच्यात सामावले गेले. २६ आठवडे कायम राहिले, आणि विम्याबाहेरच्या स्त्रीचा भार मालकावर टाकण्याची जुनी पद्धतही कायम राहिली.

शंभर वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला की त्याचा काही भाग फिरून बाईच्याच माथी येतो, कारण तिला नोकरीच मिळत नाही. तोच खर्च सर्वांनी वाटून घेतला की कोणालाच तो जड होत नाही. केवळ आठवडे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. पैसा कोणाच्या खिशातून जातो हेही प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

आणि भगिनींनो, हा प्रश्न आपण फक्त सरकारला व कारखानदारांना विचारून भागणार नाही. आपल्यापैकी बहुतेकजणी स्वतः मालक आहोत. आपल्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाईला वरीलपैकी कोणताच कायदा लागू होत नाही, कारण घर हा कारखानाही नव्हे आणि कचेरीही नव्हे. महाराष्ट्राने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला, आणि नोंदणी झालेल्या बाईस बाळंतपणासाठी साहाय्य देण्याची सोय त्यात ठेवली. परंतु कित्येकींना या नोंदणीची माहितीच नसते. दिवस गेलेल्या बाईचे काम आपण काय करतो? दुसरी बाई पाहतो, आणि पहिली परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते. गिरणीतल्या नायकिणीहून आपले वागणे फारसे वेगळे नाही.

एक बाई बहुधा चार-पाच घरी काम करते. त्यातील एकाच घराने तिला दोन महिन्यांचा सारा पगार द्यावा म्हटले तर ते त्या घराला परवडणार नाही. पण प्रत्येक घराने आपापला नेहमीचा पगार तेवढे दोन महिने चालू ठेवला आणि तिची जागा राखली, तर तिला तिचा पुरा पगार मिळेल, आणि कोणा एकीवर भार पडणार नाही. आडारकरांनी साऱ्या देशासाठी जे तत्त्व सांगितले तेच एका गल्लीपुरते वापरायचे आहे. आपल्या मंडळाने या वर्षी दोन कामे अंगावर घ्यावीत अशी नम्र सूचना आहे. आपल्या भागातील घरकाम करणाऱ्या बायकांच्या नोंदणीची चौकशी करून त्यांचे अर्ज भरून द्यावेत, आणि सभासदांच्या घरी बाळंतपणाची दोन महिन्यांची भरपगारी रजा देण्याचा ठराव पुढील सभेत मांडावा. ठराव मांडायला व त्याला अनुमोदन द्यायला दोघीजणी पुरतात. तो पाळायला मात्र आपण सगळ्याजणी लागणार आहोत.